मोटारीचा कारखाना थांबू नये म्हणून : उत्पादन आणि पुरवठा साखळीचे धोरण कसे आखावे

लहानसहान स्क्रू आणि नटबोल्टही धरले तर एका मोटारीत सुमारे ३०,००० सुटे भाग असतात. यातील इंजिन महाग आणि प्लास्टिकची क्लिप क्षुल्लक असली, तरी असेंब्ली लाइन थांबवण्याची दोघांची ताकद सारखीच असते. खरेदी विभागाचे लक्ष मात्र साहजिकच मोठ्या रकमेच्या करारांकडे असते, आणि लाइन बहुधा थांबते ती ज्याच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेलेही नसते अशा एखाद्या भागामुळे. म्हणून या लेखात धोरणाची आखणी भागाच्या किमतीवरून न करता वेळेवरून केली आहे. एखादा पुरवठा तुटला तर तो पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील आणि तोपर्यंत कारखाना किती दिवस तग धरील, हे दोन प्रश्न एकदा नीट सोडवले की कोठे साठा ठेवावा, कोठे दुसरा पुरवठादार नेमावा आणि कोठे निर्धास्त राहावे याची उत्तरे पुष्कळ सोपी होतात. मात्र त्याआधी कारखान्याची स्वतःची गती निश्चित करावी लागते.

गती आणि तिची कमाल मर्यादा

पहिले गणित टॅक्ट टाइमचे, म्हणजे मागणी भागवण्यासाठी दर किती वेळाने एक गाडी तयार व्हायला हवी याचे. समजा, जेवण, चहा आणि ठरलेली देखभाल वजा जाता दोन पाळ्यांत मिळून ५४,००० सेकंद हाती उरतात आणि दिवसाला ९०० गाड्यांची मागणी आहे, तर दर ६० सेकंदांनी एक गाडी लाइनवरून उतरली पाहिजे. हा आकडा आपल्या दारापुरता ठेवू नये. एखाद्या पुरवठादाराच्या यंत्राला गाडीमागे लागणारा एक भाग करायला ७० सेकंद लागत असतील, तर त्याला रोज तिसऱ्या पाळीत काम करावे लागते किंवा सुटीचा दिवस वापरावा लागतो. वरकरणी पुरवठा सुरळीत दिसतो, परंतु यंत्र बिघडले किंवा एखादा लॉट नापास झाला तर तूट भरून काढायला त्याच्याकडे रिकामा वेळच नसतो. त्यामुळे पुरवठादाराची क्षमता तपासताना ‘दिवसाला किती भाग देता’ एवढेच विचारून थांबू नये. किती पाळ्यांत, आठवड्यातील किती दिवस यंत्र चालवून आणि किती टक्के माल नापास धरून देता, हे लेखी घ्यावे.

स्वतःच्या कारखान्यात प्रेस, बॉडी, पेंट आणि असेंब्ली या चार शॉपपैकी (विभागांपैकी) कमाल मर्यादा बहुधा पेंट शॉप ठरवते, कारण तेथील टाक्या, ओव्हन आणि हवा खेळवण्याची यंत्रणा वाढवणे सर्वांत खर्चिक आणि वेळखाऊ असते. शिवाय काही बॉडी दुरुस्तीसाठी पुन्हा पेंटमध्ये जातात आणि ठरलेला क्रम विस्कटतो. म्हणून पेंट आणि असेंब्ली यांच्यामध्ये रंगवलेल्या बॉडींचा छोटा साठा ठेवून तेथे क्रम पुन्हा लावून घ्यावा. आसनांसारखे भाग लाइनवर गाडी येण्याच्या क्रमानेच मागवायचे असतील तर हा टप्पा टाळता येत नाही. आसनांचा पुरवठादार वाहन कारखान्याजवळच शेड उभारतो, कारण क्रम कळल्यापासून माल पोचवायला त्याला काही तासच मिळतात.

प्रेस शॉपचा स्वभाव वेगळा आहे. तेथे एका डायवर (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यावर) एकाच भागाचा लॉट निघतो, आणि डाय बदलायला जितका वेळ लागतो तितका मोठा लॉट काढण्याचा मोह होतो. १९६९-७०च्या सुमारास जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी टोयोटातील १,००० टनी प्रेसची डाय बदलण्याचा वेळ चार तासांवरून दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला. प्रेस चालू असतानाच करता येणारी कामे आणि प्रेस थांबवूनच करावी लागणारी कामे वेगळी करणे, एवढेच या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. पत्र्याच्या भागांचा साठा कमी करायचा असेल तर सुरुवात गोदामापासून न करता येथून करावी.

वेळापत्रक सपाट करणे

बहुतेक कारखान्यांतील पुरवठ्याच्या तक्रारींचे मूळ पुरवठादाराकडे नसून स्वतःच्या वेळापत्रकात असते, असे माझे स्पष्ट मत आहे. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात संथ काम आणि महिनाअखेरीस विक्रीचे लक्ष्य गाठण्यासाठी धावपळ, हा प्रकार सर्वत्र दिसतो. अंतिम मागणीतील लहान चढउतार साखळीत मागे जाताना मोठे होत जातात, कारण प्रत्येक टप्प्यावरचा माणूस थोडी जास्तीची ऑर्डर देतो आणि माल साठल्यावर ती अचानक बंद करतो. ग्राहकांची मागणी पाच टक्क्यांनी हलली तरी तिसऱ्या पायरीवरच्या फोर्जिंगवाल्याला एका महिन्यात दोन पाळ्या आणि पुढच्या महिन्यात बंद भट्टी, असा अनुभव येऊ शकतो.

यावरचा उपाय म्हणजे उत्पादनाचे समतलीकरण, ज्याला टोयोटाच्या पद्धतीत हेइजुन्का म्हणतात. वरच्याच उदाहरणात ९०० गाड्यांपैकी ४५० ‘अ’, ३०० ‘ब’ आणि १५० ‘क’ प्रकारच्या आहेत असे समजू. सकाळभर ‘अ’ आणि दुपारनंतर ‘ब’ असे न करता अ-ब-अ-क-अ-ब हा सहा गाड्यांचा क्रम दिवसातून १५० वेळा फिरवावा. यामुळे प्रत्येक भागाचा वापर तासागणिक एकसारखा होतो, जास्त काम असलेल्या गाड्या सलग येऊन कामगारांवर ताण पडत नाही आणि पुरवठादाराला ठरावीक वेळेला ठरावीक माल पाठवता येतो.

क्रम सपाट झाल्यावरच कानबानचा, म्हणजे रिकाम्या पेटीबरोबर कार्ड परत पाठवून तेवढाच माल मागवण्याच्या पद्धतीचा, उपयोग होतो. समजा, एखादा भाग तासाला ६० लागतो, रिकामी पेटी परत जाऊन भरलेली पेटी येईपर्यंत ४ तास लागतात, १० टक्के जादा धरायचे आहेत आणि एका पेटीत २४ भाग बसतात. तर ६० गुणिले ४ गुणिले १.१ म्हणजे २६४, त्याला २४ ने भागले की ११ कार्डे. यात पेटीचा आकार आणि फेरीचा वेळ हे दोनच आकडे आपल्या हातात असतात, आणि साठा कमी करण्याचा खरा मार्ग तेच बदलण्यात आहे. वेळापत्रक उड्या मारत असताना कार्डे कमी केली, तर केवळ टंचाई वाढते.

पुरवठादाराला द्यायच्या वेळापत्रकाचे तीन पट्टे करावेत. जवळच्या काही दिवसांचे आकडे पक्के, त्यानंतरच्या काही आठवड्यांचे आकडे ठरलेल्या टक्केवारीतच वरखाली होतील असे, आणि पुढच्या महिन्यांचे केवळ अंदाज. पक्क्या पट्ट्याची लांबी सरसकट न ठेवता भागाच्या प्रवासावरून ठरवावी. जहाजाने पाच आठवडे येणाऱ्या भागाला पाच दिवसांचे पक्के वेळापत्रक देणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. मधल्या पट्ट्याबाहेर बदल करायचा असल्यास त्याचा खर्च कोण सोसणार हे करारात लिहावे. हे लिहिले की विक्री विभागाच्या ऐनवेळच्या मागण्या आपोआप कमी होतात.

काय स्वतः बनवावे

हा प्रश्न उद्योगाइतकाच जुना आहे. फोर्डने रूज येथील संकुलात पोलाद आणि काचेपासून सर्व काही एकाच आवारात बनवण्याचा प्रयत्न केला. जनरल मोटर्सने १९२६ साली गाड्यांच्या बॉडी बनवणारी फिशर बॉडी ही कंपनी पूर्णपणे आपल्यात सामावून घेतली आणि पुढे १९९९ साली स्वतःचाच सुट्या भागांचा व्यवसाय डेल्फी या नावाने वेगळा काढला. लंबक दोन्ही बाजूंना गेलेला असल्यामुळे यात एकच योग्य उत्तर आहे, असा दावा करणाऱ्यापासून सावध राहावे.

निर्णय घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : त्या भागामुळे ग्राहकाला आपली गाडी वेगळी वाटते का, तो बाहेर बनवणारे पुरेसे स्पर्धक आहेत का, आणि त्यासाठीचे यंत्र केवळ आपल्याच कामाचे आहे का. शेवटच्या मुद्द्याकडे सहसा दुर्लक्ष होते. पुरवठादाराने फक्त आपल्यासाठी महागडे यंत्र घेतले की तो आपल्यावर आणि आपण त्याच्यावर अवलंबून राहतो, आणि दर ठरवताना दोघेही एकमेकांना वेठीस धरू शकतात. अशा ठिकाणी डाय आणि मोल्डची मालकी वाहन कंपनीने स्वतःकडे ठेवावी, त्यावर तशी पाटी असावी आणि त्यांची रेखाचित्रे आपल्या ताब्यात असावीत.

उत्पादन बाहेर दिले तरी ज्ञान बाहेर देऊ नये, हे त्याहून महत्त्वाचे. २०२०च्या पूर्वार्धात मागणी कोसळल्यावर अनेक वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर कमी केल्या, चिप कारखान्यांनी ती क्षमता संगणक आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दिली, आणि वर्षाच्या उत्तरार्धात वाहनांची मागणी परतली तेव्हा रांगेत जागा उरली नव्हती. वेफरपासून (सिलिकॉनच्या पातळ चकतीपासून) चिप तयार होण्यास साधारण तीन महिने किंवा अधिक काळ लागतो, त्यामुळे चूक लगेच सुधारणे शक्य नव्हते. गाडीतील यंत्रणा चालवणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट संपूर्ण जोडलेले विकत घेणाऱ्या कंपन्यांना आत कोणती चिप आहे आणि तिला पर्याय काय, याचीही पुरेशी माहिती नव्हती. टेस्लाकडे सॉफ्टवेअर स्वतःचे असल्यामुळे तिने उपलब्ध असलेल्या वेगळ्या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी फर्मवेअर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) नव्याने लिहून वाट काढली.

साखळीचा नकाशा

आपल्या पुरवठादारांची यादी म्हणजे साखळीचा नकाशा नव्हे. मार्च २०११ मध्ये जपानमधील भूकंपानंतर गाड्यांच्या रंगाला चमक देणारे झिरॅलिक हे रंगद्रव्य बाजारातून नाहीसे झाले, कारण मर्क कंपनी ते जगात केवळ फुकुशिमा प्रांतातील ओनाहामा येथे बनवत होती, आणि निरनिराळ्या कंपन्यांना काही रंगांच्या गाड्यांची ऑर्डर घेणे थांबवावे लागले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील मार्ल येथे इव्होनिक या रसायन कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला आणि इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्यांसाठी लागणाऱ्या पीए-१२ या नायलॉनच्या कच्च्या मालाची टंचाई निर्माण झाली. दोन्ही प्रसंगी वाहन कंपन्यांचे थेट पुरवठादार अनेक होते, परंतु ते सर्व दोन-तीन पायऱ्या मागे जाऊन एकाच दाराशी उभे होते. साखळी खाली खाली रुंदावत जाणारा पिरॅमिड आहे असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा ती मध्ये रुंद आणि तळाशी पुन्हा निमुळती असते.

नकाशा तयार करताना पुरवठादारांपासून सुरुवात न करता भागांच्या यादीपासून म्हणजे बिल ऑफ मटेरियलपासून करावी. प्रत्येक भाग कोणत्या साहित्याचा आणि कोणत्या प्रक्रियेतून जातो, आणि ती प्रक्रिया नेमक्या कोणत्या ठिकाणी होते, एवढेच विचारावे. कंपनीच्या मुख्यालयाचा पत्ता येथे निरुपयोगी असतो. आग कारखान्याला लागते. पुरवठादार आपल्या मागच्या व्यापाऱ्याचे नाव आणि दर सांगायला तयार नसतात, आणि तो त्यांचा हक्कही आहे. म्हणून दराची चौकशी करू नये, आणि मिळालेली माहिती खरेदीच्या वाटाघाटींसाठी वापरली जाणार नाही अशी लेखी हमी द्यावी. ती हमी एकदा मोडली की नकाशा कायमचा कोरा राहतो. सर्वच्या सर्व भागांचा माग काढणे अशक्य असल्याने विशेष रसायने, चुंबक, चिप, उष्णताप्रक्रिया, मुलामा देण्याची कामे आणि सीलसाठीचे रबर येथून आरंभ करावा.

दोन आकडे आणि त्यांच्यातील अंतर

नकाशावरच्या प्रत्येक ठिकाणासाठी दोन आकडे लिहावेत. पहिला, ते ठिकाण पूर्ण बंद पडल्यास पुरवठा पूर्ववत होण्यास लागणारा काळ. दुसरा, त्या काळात साखळीतील सर्व साठा वापरून आपण किती दिवस गाड्या बनवू शकतो. एमआयटीचे डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी फोर्डबरोबर ही पद्धत वापरून पाहिली तेव्हा असे दिसले की कंपनी ज्या पुरवठादारांवर सर्वाधिक खर्च करत होती तेच सर्वांत धोक्याचे होते असे नाही. कमी किमतीचे भाग देणाऱ्या काही जागा बंद पडल्या तर नुकसान फार मोठे होणार होते. या पद्धतीचा मोठा गुण असा की भूकंप होईल की आग लागेल की संप होईल, याचे भाकीत करत बसावे लागत नाही.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका सेन्सरचा साठा आपल्या कारखान्यात १ दिवसाचा, वाटेत ४ दिवसांचा आणि पुरवठादाराच्या दुसऱ्या ठिकाणच्या गोदामात ५ दिवसांचा आहे, म्हणजे आपण १० दिवस तग धरू. पुरवठादाराची जागा जळाली तर नवे मोल्ड, यंत्रांची उभारणी आणि नमुन्यांची मंजुरी धरून ३० कामाचे दिवस लागतील. अंतर २० दिवसांचे, म्हणजे दिवसाला ९०० प्रमाणे १८,००० गाड्या अडतील. आता तुलना करावी ती १८,००० सेन्सरच्या किमतीची आणि १८,००० गाड्या अडण्याच्या नुकसानीची. सेन्सर स्वस्त, आकाराने लहान आणि न नासणारा असेल तर साठा ठेवणे शहाणपणाचे ठरते, आणि जस्ट-इन-टाइमच्या (लागेल तेव्हाच माल मागवण्याच्या पद्धतीच्या) नावाखाली त्याला विरोध करणे हट्टीपणाचे. तो साठा मात्र पुरवठादाराच्याच आवारात ठेवू नये. त्याच आगीत तोही जातो.

हेच गणित बंपरला लावले तर उत्तर उलटे येते. बंपर जागा खातो, त्यावर ओरखडे पडतात आणि त्याचे रंग व प्रकार अनेक असतात. तेथे साठ्याऐवजी पूर्ववत होण्याचा काळच कमी करावा : मोल्डचा दुसरा संच वेगळ्या ठिकाणी ठेवावा, किंवा एकाच पुरवठादाराच्या दोन कारखान्यांना आधीच मंजुरी देऊन ठेवावी. सुरक्षिततेशी संबंधित भागाच्या चाचण्या आणि मंजुरी यांत कित्येक महिने जातात, त्यामुळे संकट आल्यावर पर्याय शोधणे उशिराचे ठरते. दुसरा पुरवठादार नेमला असेल तर त्याला वर्षभर काही ना काही काम द्यावे. कागदावर मंजूर पण कधीच माल न बनवलेला पुरवठादार गरजेच्या वेळी हमखास अडखळतो.

कधीकधी उत्तर रचनेतच असते. वीस प्रकारचे कनेक्टर चार प्रकारांवर आणले की अंदाज चुकण्याची शक्यता कमी होते आणि एका गाडीचा साठा दुसरीला वापरता येतो. फोक्सवॅगनने २०१२ पासून एमक्यूबी या सामाईक रचनेवर अनेक मॉडेल आणली, त्यामागे हाही फायदा होता. मात्र सामाईक भागात दोष निघाला तर परत बोलवाव्या लागणाऱ्या गाड्यांची संख्याही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे सामाईक भागाची तपासणी अधिक कडक ठेवावी लागते.

एकाच पुरवठादारावर विसंबणे नेहमीच चूक ठरते असेही नाही. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या जपानमधील कारिया येथील कारखान्याला आग लागली आणि टोयोटाच्या जवळपास सर्व गाड्यांना लागणाऱ्या ब्रेकच्या पी-व्हॉल्व्हचा (ब्रेकचा दाब नियंत्रित करणाऱ्या झडपेचा) पुरवठा थांबला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी, अगदी शिलाई यंत्रे बनवणाऱ्या ब्रदरनेही, आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला आणि आठवड्याभरात टोयोटाचे उत्पादन मोठ्या प्रमाणात सुरू झाले. यात रेखाचित्रे मोकळेपणाने दिली गेली, आणि मोबदल्याची बोलणी न करताच लोक कामाला लागले. असे संबंध करारातील कलमांनी तयार होत नाहीत. वर्षानुवर्षे वेळेवर पैसे देणाऱ्या आणि पुरवठादाराच्या शॉपफ्लोअरवर आपले अभियंते पाठवणाऱ्या कंपनीलाच ते लाभतात. त्याच टोयोटाने २०११च्या भूकंपानंतर मात्र चिपसाठी वेगळा नियम केला आणि पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले, कारण चिपचा कारखाना शेजाऱ्यांच्या मदतीने आठवड्यात उभा राहत नाही.

बॅटरी आणि चुंबक

विजेवरच्या गाड्यांनी भागांची संख्या कमी केली, पण अवलंबित्व खाणीपर्यंत नेले. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत निकेल आणि कोबाल्ट लागत नाही, त्यामुळे तिच्याकडे वळणे हा रसायनाइतकाच पुरवठ्याचाही निर्णय आहे. तरीही ग्रॅफाइट एलएफपी आणि निकेल-कोबाल्टच्या अशा दोन्ही प्रकारांत लागते आणि त्याच्या शुद्धीकरणाचा बहुतांश भाग चीनमध्ये होतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मध्यम व जड दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (ताकदवान चुंबकांत ती वापरतात) निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला, तेव्हा चुंबकांअभावी काही वाहन कारखान्यांना काम थांबवावे लागले. ही चुंबके केवळ मोटरमध्येच नव्हे तर स्टिअरिंग, काचा आणि स्पीकर यांतही असतात, म्हणून पेट्रोलच्या गाड्याही त्यातून सुटल्या नाहीत. बॅटरीचा साठा करून हा प्रश्न सुटत नाही : ती महाग, जड आणि आगीच्या दृष्टीने धोकादायक असते, आणि पडून राहिली तरी हळूहळू क्षमता गमावते. सेलचा कारखाना जवळ आणणे आणि साठा करायचाच झाला तर तो कच्च्या मालाच्या रूपात करणे अधिक व्यवहार्य आहे.

अंमलबजावणी

नवे धोरण एकदम सर्व भागांना लावू नये. एक मॉडेल निवडून त्यातील ज्या भागांचे तग धरण्याचे दिवस पूर्ववत होण्याच्या दिवसांपेक्षा कमी आहेत ते वेगळे काढावेत आणि अंतरानुसार क्रम लावावा. दरमहा पाहायचे आकडेही थोडेच ठेवावेत : लाइन थांबलेली मिनिटे, विमानाने मागवलेल्या मालाचा खर्च, पक्क्या पट्ट्यात आपणच केलेले बदल आणि पुरवठादारांची थकलेली बिले. शेवटचे दोन आकडे खरेदी विभागाच्या अहवालात क्वचितच असतात, आणि नेमके तेच पुढच्या तिमाहीतील टंचाईची चाहूल देतात.

वर्षातून किमान एकदा एखादी जागा बंद पडली आहे असे गृहीत धरून प्रत्यक्ष सराव करावा, आणि त्यात संगणक यंत्रणाही धरावी. फेब्रुवारी २०२२च्या अखेरीस कोजिमा या प्लास्टिकचे भाग देणाऱ्या कंपनीची यंत्रणा सायबर हल्ल्यामुळे बंद पडली आणि १ मार्च रोजी टोयोटाला जपानमधील १४ कारखाने थांबवावे लागले. सरावात फोन कोणी करायचा, पुरवठादाराच्या जागी सायंकाळपर्यंत कोण पोचणार, उरलेले भाग कोणत्या मॉडेलला आधी द्यायचे आणि मंजुरीच्या कोणत्या चाचण्या एकाच वेळी चालवता येतील, हे नावानिशी ठरवावे. पुरवठादाराची जागा, प्रक्रिया किंवा कच्चा माल बदलला की त्याच आठवड्यात नकाशात नोंद करण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे द्यावी, आणि नव्या भागाची मंजुरी त्या नोंदीशिवाय पुढे सरकणार नाही अशी व्यवस्था करावी.